मेजर, झोप लागते का?

आमच्या बँकेत नोव्हेंबरला ‘फौजींचा महिना’ म्हणत. नोकरीची बरीच वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या शाखांमधून काढली. त्या भागात घरटी एक माणूस सैन्यात असतो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे. मिलिटरी अपशिंगे हे गाव याच जिल्ह्यातले. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसे कामी आली. तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनरांची रांग लागे. कडक इस्त्रीचा सदरा, वर सरळ कणा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक. शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार, गावाच्या लेखी सारे ‘मेजर’. सही घेताना मी विचारीत असे, ‘काय मेजर, तब्येत?’ उत्तर ठरलेले असे : ‘एकदम ठीक, साहेब.’

एखाद्या नोव्हेंबरात त्यातला एक येत नसे. वय झालेले असेल तर कुणी काही विचारीत नसे. पण पंचेचाळिशीतला, धडधाकट, गेल्या वर्षी ‘एकदम ठीक’ म्हणून गेलेला माणूस आला नाही, आणि त्याच्या जागी त्याची बायको कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन उभी राहिली, की काउंटरवर आवाज आपोआप खाली जात. विहीर, पाय घसरला, औषध पोटात गेले, अशा शब्दांनी गाव ती गोष्ट झाकून टाकी. गावाचाही त्यात दोष नसतो. माणूस गेला, आता निदान अब्रू राहू दे, एवढाच त्यामागचा हेतू.

सैनिकांच्या आत्महत्या हा विषय आपल्याकडे बहुधा बातमीच्या चार ओळींत संपतो. जुलै २०२२ मध्ये संरक्षण राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत जे उत्तर दिले, त्यात मागच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी जीव दिल्याचे सांगितले होते. त्यांपैकी ६४२ लष्करातले होते. अमेरिका या बाबतीत हिशेब फार काटेकोर ठेवते. तेथे २०२१ या एका वर्षात ६,३९२ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, म्हणजे रोज सतराहून अधिक. आकडे द्यायचे ते एवढेच. बँकेतल्या माणसाला आकड्यांचा सोस असतो असे समजतात, पण मला सोस आहे तो आकड्यामागच्या माणसाचा.

आणि त्या माणसाविषयी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो शेवटच्या दिवसांत अगदीच कुणाला भेटत नाही, असे नाही. तो डॉक्टरकडे गेलेला असतो. निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के माणसे मृत्यूच्या आधीच्या महिन्याभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरला भेटून गेली होती, असे त्यात दिसले. मानसोपचारतज्ज्ञाला नव्हे, साध्या डॉक्टरला. कुणी पाठ दुखते म्हणून, कुणी पित्त होते म्हणून, कुणी रक्तदाब तपासायला. गोळ्या घेऊन ती माणसे घरी गेली.

फौजी माणूस मनाचे दुखणे पाठीवर का घालतो, हे समजायला त्याची नोकरी समजून घ्यावी लागते. सैन्यात प्रत्येकाच्या प्रकृतीची प्रतवारी असते. तिला ‘शेप’ म्हणतात. पाच इंग्रजी अक्षरांचा हा शब्द. पहिले अक्षर मनाचे, मग कान, हातपाय, एकंदर शरीर आणि शेवटी डोळे. पाचही ठिकाणी एक हा आकडा असेल तो ‘शेप वन’, तंदुरुस्त. आकडा वाढला की ‘कॅटेगरी पडली’. कॅटेगरी पडली की बढती अडते, पुढची वर्षे अडतात. गुडघ्याने पडलेली कॅटेगरी सांगताना माणूस लाजत नाही. पहिल्या अक्षराने पडली तर बराकीत त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. पंधरा-सतरा वर्षे असे सांभाळून वागलेला जवान घरी येतो तेव्हा त्याचे वय अडतीस-चाळीस असते. कॅटेगरी आता कुणी पाडणार नसते, पण झाकण्याची सवय हाडांत मुरलेली असते. तो डॉक्टरला सांगतो, ‘काय न्हाय, जरा झोप लागंना बघा.’ वर्षानुवर्षे न बोललेले त्या एका वाक्यात आलेले असते. ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला तर.

घरी आल्यावर काय घडते, ते मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहे. ग्रॅच्युइटी, विकलेल्या पेन्शनची रक्कम आणि फंड असे सारे एका महिन्यात खात्यावर जमा होते. ही बातमी खातेदाराच्या आधी भावकीत पोहोचते कशी, हे कोडे मला नोकरीभर सुटले नाही. बहिणीच्या मुलीचे लग्न, पुतण्याचा ट्रॅक्टर, गावातल्या घराचा स्लॅब. जो इतकी वर्षे मनीऑर्डर पाठवीत आला, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. शिवाय त्याची पेन्शन पक्की, म्हणून जो तो त्यालाच जामीन राहायला सांगतो. कर्ज थकले की नोटीस त्याच्या नावाने निघते. तिकडे सीमेवर ज्याच्या हुकमावर दहा माणसे हलत होती, त्याला इकडे बांधाच्या भांडणात तलाठी चार-चार तास बाकावर बसवून ठेवतो. मुले ओळखीची नसतात, कारण ती मोठी झाली तेव्हा हा वर्षातून दोन महिने पाहुण्यासारखा येत होता. सैन्यातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले वर्ष विशेष धोक्याचे असते, असे अमेरिकेतल्या पाहणीत दिसून आले आहे. आमच्या शाखेत बसून मला त्याचे नवल वाटले नसते.

युद्धाच्या आठवणींनी माणूस खचतो, ही समजूत चित्रपटांनी पक्की केली आहे. काहींच्या बाबतीत ती खरीच असते. पण मी पाहिलेल्या माणसांना तोफांच्या आवाजाने जेवढे छळले, तेवढेच सख्ख्या भावाने घातलेल्या दाव्याने छळले. डॉक्टरने केवळ कारगिलविषयी विचारले आणि वावराविषयी विचारले नाही, तर अर्धी गोष्ट बाहेरच राहते.

२००४ च्या सुमाराची एक हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे फेरफार केले आहेत. आमच्या शाखेवर एका एजन्सीकडून आलेला रखवालदार होता, निवृत्त हवालदार. अशा नोकरीत स्वतःची परवान्याची बंदूक असलेल्याला आधी काम मिळते, म्हणून पुष्कळ माजी सैनिक बंदूक घेतात. याचीही डबल बार होती आणि ती रोज त्याच्याबरोबर घरी जाई. माणूस शिस्तीचा. त्या पावसाळ्यात तो गप्प गप्प झाला, डबा तसाच परत नेऊ लागला. कॅण्टीनच्या बाटलीचे प्रमाण वाढल्याचे त्याच्या बायकोने आमच्या शिपायाला सांगितले होते. गुडघेदुखीसाठी तो तालुक्याच्या एका डॉक्टरबाईंकडे जात असे. बाई साध्या एमबीबीएस. तिसऱ्या खेपेला त्यांनी गुडघा तपासला, चिठ्ठी लिहायला घेतली आणि पेन खाली ठेवले.

पुढे त्यांनीच मला सांगितले. त्या म्हणाल्या, ‘मेजर, झोप लागते का?’ नाही म्हणाला. ‘रात्री जागे असता तेव्हा मनात काय येतं?’ गप्प. मग त्यांनी सरळ विचारले, ‘आपणच आपला जीव संपवावा, असं येतं का?’ हवालदार बराच वेळ भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘येतं. रोज येतं.’ तोवर बायकोलाही त्याने हे सांगितले नव्हते. बाईंचा पुढचा प्रश्न असा होता : ‘बंदूक रात्री कुठं असते?’

मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा शब्दांविषयी थोडे बोलण्याचा मला अधिकार आहे असे धरून चालतो. आपल्या भाषेत या गोष्टीला पाठीमागच्या दाराने जाण्याच्या पुष्कळ वाटा आहेत. ‘काही बरंवाईट’, ‘वेडावाकडा विचार’, ‘भलतंसलतं काही’. मायेपोटी वापरले जाणारे हे शब्द ऐकणाऱ्याला एवढेच सांगतात की, हा विषय उच्चारण्याजोगा नाही. ‘तसलं काही मनात नाही ना?’ या प्रश्नात तर उत्तरही डॉक्टरनेच देऊन टाकलेले असते. फौजी माणूस वरिष्ठाला हवे ते उत्तर द्यायला शिकलेला असतो. तो म्हणणार, ‘नाही साहेब.’ सरळ प्रश्नाला मात्र तो सरळ उत्तर देतो. तीही त्याला सवयच असते. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती डॉक्टरांनाही वाटते. या भीतीची तपासणी झालेली आहे. विचारण्याने आत्महत्येचे विचार वाढतात, असे २०१४ च्या एका आढाव्यात तपासलेल्या एकाही अभ्यासात आढळले नाही. उलट, कुणी तरी विचारले याने माणूस हलका होतो.

काय विचारू नये, तेही सांगायला हवे. ‘किती जणांना मारलंत?’ हा प्रश्न शिकलेली माणसेही विचारतात, हे मी कानांनी ऐकले आहे. ‘सैनिक असून एवढा कमकुवत?’ हाही तसाच. आणि दवाखान्यात त्याला त्याच्या हुद्द्याने हाक मारावी. ‘ए बाबा, तिकडे बस’ने सुरू झालेली भेट गोळ्यांपलीकडे जात नाही.

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी त्याची बायको बाहेर बसली होती तिला आत बोलावले. मला फोन केला आणि एवढेच सांगितले, की यांना काही महिने बंदुकीशिवाय काम द्या. कारण त्यांनी त्याच्या परवानगीनेच सांगितले. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, हे त्यांना ठाऊक होते. ‘निवडणूक आली आहे असं समजा,’ असे म्हणून त्यांनी त्याला ती जमा करायला लावली. घरातले फवारणीचे औषध बायकोने माहेरी धाडले. आम्ही त्याला रोख काउंटरच्या रांगेवर लावले. साताऱ्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे बाईंनी त्याला नुसती चिठ्ठी देऊन धाडले नाही. आधी स्वतः फोन करून वेळ घेतली. वर्षभराने त्याने बंदूक विकून दोन म्हशी घेतल्या. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा दुधाच्या दरावरून डेअरीला शिव्या देत होता.

साधन दूर केले तर काय होणार, ज्याला मरायचे तो दुसरी वाट शोधेल, असे आपण सहज म्हणतो. ते खरे नाही. बाईंच्या या ‘निवडणुकी’नंतर दोनेक वर्षांनी, २००६ मध्ये, इस्रायलच्या सैन्याने एक साधा बदल केला. तेथले तरुण सैनिक आठवड्याच्या सुटीला घरी जाताना रायफल बरोबर नेत. ती छावणीत ठेवून जायचे, असा नियम झाला. सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घट झाली ती मुख्यतः सुटीच्या दिवसांतली. इतर दिवशी दुसऱ्या मार्गाने त्या वाढल्या नाहीत. शेजारच्या श्रीलंकेने १९९५ पासून जहाल कीटकनाशकांवर बंदी आणत नेली आणि दहा वर्षांत तेथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. ती लाट फार उंच असते, पण पुष्कळदा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात हाताशी काय आहे, यावर सारे अवलंबून असते. आपल्या खेड्यात हाताशी बंदूक क्वचितच असते, औषधाचा डबा मात्र गोठ्याच्या फळीवर असतोच. तेव्हा डॉक्टरने, परिचारिकेने, आशाताईने दोन्हींविषयी विचारावे. कुलूप कुणाच्या हातात, किल्ली कुठे, इतके विचारावे. त्यात आगाऊपणा काही नाही.

आपल्या घरांतून या प्रसंगी आणखी एक गोष्ट हटकून होते. आई किंवा बायको शपथ घालते. ‘माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा असं मनात आणणार नाही म्हणा.’ डॉक्टरही कधी कधी कागदावर लिहून घेतात. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कार्सन छावणीत ९७ सैनिकांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींकडून असे वचन घेण्यात आले. इतरांना डॉक्टरने जवळ बसवून एका छोट्या कार्डावर त्यांच्याच शब्दांत काही गोष्टी लिहायला लावल्या. माझे बिघडू लागले की आधी काय होते? मी एकटा असताना काय केल्याने जरा बरे वाटते? कुणाला फोन करायचा? डॉक्टरचा नंबर काय? कार्ड खिशात. पुढच्या सहा महिन्यांत कार्डवाल्यांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न ७६ टक्क्यांनी कमी झाले. मला यात फौजी माणसाची नस सापडलेली दिसते. शपथ मोडल्याची शरम त्याला आणखी एकटे पाडील. पण संकटात काय करायचे याची लेखी ऑर्डर त्याला कळते. आयुष्यभर तो तशाच ऑर्डरीवर चालला. असेच काम इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत करून, नंतर फोनवर विचारपूस चालू ठेवली, तेव्हा माजी सैनिकांमध्ये असे प्रकार ४५ टक्क्यांनी घटल्याचे २०१८ मध्ये तेथेच दिसून आले. कार्डाला खर्च किती, तर पाठकोऱ्या कागदाचा.

नंतरची विचारपूस हा भाग आपल्याकडे सर्वांत कच्चा. सॅनफ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना एका ओळखीच्या मुलीची पत्रे त्यांना येत. साधीच पत्रे, पण त्यांनी आपल्याला धरून ठेवले हे ते विसरले नाहीत. इस्पितळातून सुटल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षे अधूनमधून छोटे पत्र जाई : तुम्ही आलात त्याला काही दिवस झाले, बरे असाल अशी आशा आहे, लिहावेसे वाटले तर लिहा. उपदेश नाही, बोलावणे नाही. पत्रे गेलेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. ‘द्वारा ५६ एपीओ’ असा पत्ता ज्यांनी आयुष्यात एकदा तरी आंतरदेशीय पत्रावर लिहिला आहे, त्या बहिणींना आणि बायकांना याचे कारण संशोधकांपेक्षा लवकर कळेल.

असो. आता नोव्हेंबरची ती रांगही ओसरली आहे. हयातीचा दाखला २०१४ पासून संगणकावर देता येतो आणि २०२१ पासून लष्कराचे निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ नावाच्या व्यवस्थेकडे जात चालले. नाव छान आहे. सोयही खरीच आहे. सत्तरीच्या माणसाला ताटकळावे लागत नाही. पण वर्षातून एकदा तोंड पाहून ‘काय मेजर’ म्हणणारा माणूस त्यातून गेला आणि दवाखान्यावरची जबाबदारी तेवढी वाढली.

सोयी नाहीत असे नव्हे. निवृत्तांसाठी १ एप्रिल २००३ पासून ‘ईसीएचएस’ची पॉलिक्लिनिक्स आहेत. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये उघडला. कायद्याचा धाकही पूर्वीसारखा राहिलेला नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा करू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. १८६० च्या दंडविधानातले ३०९ कलमही जुलै २०२४ मध्ये त्या दंडविधानाबरोबर गेले. लष्कराच्या १९५० च्या कायद्यात मात्र हा प्रयत्न अपराधांच्या यादीत आहे. नोकरीतला जवान रजेवर आला असता गावच्या डॉक्टरकडे तोंड उघडायला का कचरतो, याचे हेही एक कारण. त्याच्याशी गुप्ततेबद्दल आधीच स्पष्ट बोलावे : जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगेन, एरवी ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही.

यापुढे डॉक्टरांसमोर येणारा फौजी चाळिशीचा असेलच असे नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले सैन्यात राहायची, बाकीची घरी यायची. बावीस-चोवीस वर्षांची ती मुले. योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा आधारही नाही. त्यांना खोकला झाला तरी ती गावातल्या साध्या दवाखान्यातच जाणार, आणि जीन्स-टीशर्टातला तो मुलगा फौजेतून आला आहे हे पाहून कळणार नाही.

त्या तालुक्याच्या डॉक्टरबाई अजून दवाखाना चालवतात. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा केसपेपर नवे छापून आले होते. नाव, वय, गाव, व्यवसाय. त्याखाली त्यांनी एक रकाना वाढवला आहे : ‘स्वतः किंवा घरातील कोणी फौजेत होते का?’ काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला ते विचारून लिहीत होती. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने सांगितले, ‘धाकला हाय. मागल्या महिन्यात आलाय घरी.’ मुलीने लिहिले, आणि विचारले, ‘त्याला घेऊन याल का एकदा?’